व्याह्यांसकट प्रदक्षिणा

लेकीच्या लग्नात मी व्याह्यांना आडवं केलं. मानापमानावरून नाही, चांगला हातात हात घेऊन.

मी चौथी शिकलेली, त्यात लाजाळू. मृणालचं सासर स्कॉटलंडचं, लग्नाची पार्टी ब्रिस्टलला. सकाळपासून मला एकच धास्ती: आपल्यामुळे लेकीला मान खाली घालायला लागू नये. जेवताना काटासुद्धा मी आवाज न करता ठेवत होते.

"आई, शेवटी सगळे गोल उभे राहून एक गाणं म्हणतात. त्यांची पद्धत आहे," मृणाल म्हणाली.

"मला कुठे येतंय ते!"

"नुसते ओठ हलव. शेजारचे करतील तसं कर. टेन्शन घेऊ नकोस."

ओठ हलवणं मला जमतं. (आरतीला पन्नास वर्षं तेच करते आहे!)

दुपारी चारला सगळे गोल करून उभे राहिले. माझ्या एका बाजूला आमचे हे, दुसऱ्या बाजूला सहा फुटी व्याही, चौकड्यांच्या घागऱ्यात. (त्यांच्याकडचे सगळे पुरुष लग्नाला हाच घालतात!) शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी हाताची घडी घातली आणि घडीतूनच शेजाऱ्यांचे हात धरले. मीही धरले. एक सूर, ओले डोळे... मला अगदी घरची आरती वाटली. आणि आरती संपली की आपण काय करतो? स्वतःभोवती फिरतो.

मी फिरले. हात न सोडता!

अर्ध्या फेरीत ह्यांचा हात माझ्या गळ्याशी आला.

"अगं, काय करतेस?"

"गप्प बसा, प्रदक्षिणा आहे!"

उरलेल्या फेरीत व्याही पदरासारखे माझ्याभोवती गुंडाळले गेले आणि धाडकन पडले! (घागऱ्याचं काय झालं ते विचारू नये. मी डोळे घट्ट मिटले होते.)

हे कानाशी पुटपुटले, "अगं, व्याह्यांचे पाय धरायचे असतात, उचलायचे नसतात!"

मला रडूच फुटलं. तेवढ्यात मृणालने इंग्रजीत मोठ्यांदा काहीतरी सांगितलं.

"काय म्हणते हो?"

"म्हणते, आमच्याकडे मंगलकार्य असंच संपतं. फिरल्याशिवाय आशीर्वाद पुरा होत नाही!"

व्याही लालबुंद होऊन उठले, माझ्यापुढे हात करून गरजले, "वन्स मोअर!"

पुन्हा गाणं झालं. ते संपताच अख्खा हॉल गरगर फिरला. एकजणही धडपडला नाही.

पडले ती मी एकटी. एवढे घागरे एकदम उडणार, म्हणून मी आधीच डोळे मिटून घेतले होते!