उंबराच्या पानाची खाच

नगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रा. बिभीषण लवांडे इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. संस्थेने मागच्या वर्षी कळवलं, की जूनपर्यंत ज्याची पीएच.डी. होणार नाही त्याने घरी बसावं. लवांडेंचं घर तिसगावला. घरी बसलेल्या प्राध्यापकाला तिथे कांदा काढायला बोलावतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

त्यांचा विषय होता निसर्गप्रेरित अँटेना. एक पान घ्यायचं, त्याचा आकार संगणकात उतरवायचा आणि तोच आकार छोट्या पाटीवर तांब्यात उमटवायचा. झाली वायफायची अँटेना. शोधनिबंधाच्या पहिल्या ओळीत निसर्ग हा थोर अभियंता असल्याचं लिहायचं. यात अवघड काम एकच, कुणी न वापरलेलं पान शोधणं. पिंपळ एका सहकाऱ्याने घेतला होता, तुळस विभागप्रमुखांकडे होती आणि जास्वंदीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. लवांडेंच्या वाट्याला उंबर आला.

उंबराची अँटेना एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यावर, चालायची. गाईड डॉ. कारभारी आढाव यांनी तर दोन बँड जाहीर करून टाकले होते. एका रविवारी लवांडेंनी तिसगावात ताजी पानं तोडून ओट्यावर ठेवली आणि ते चहाला आत गेले. परत आले तेव्हा आईची शेळी पानं संपवत होती. एक उरलं, त्याच्याही कडेचा अर्धगोल तुकडा गेलेला. उन्हात पुन्हा झाडापर्यंत जायचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी उरलेल्या पानाचाच आकार घेतला.

संगणकाने दुसरा बँड दिला. खाचेपाशी विजेच्या प्रवाहाला लांबून वळसा घ्यावा लागतो, म्हणून असं होतं. लवांडेंनी गाईडना सांगितलं, पानाला खाच आहे. कुणी पाडली ते सांगितलं नाही. आढाव सरांनी स्वतःच्या हाताने वाक्य घातलं, 'लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीतून उंबराने ही खाच मिळवली.' त्यावर दोन निबंध छापून आले, सरांचं नाव पहिलं. परदेशातल्या एका संशोधकाने ते वाक्य आधाराला घेतलं.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी आईने, बनुबाईंनी, विचारलं, "कशाची परीक्षा हाय?"

"अँटेनाची."

"मंग घरात रेंज येईल व्हय?"

"तसं नसतं, आई."

"मंग कसं असतं? आन् त्ये पान तर शेळीनं खाल्लं हुतं की."

"ते कुठं बोलू नको."

"मी कुनाला बोलतीय? शेळीला सांग."

परीक्षक डॉ. सिल्व्हिया बाहेरच्या विद्यापीठातून आल्या होत्या. त्यांचं माहेर नेवाशाचं.

"आमच्या विहिरीवर उंबर आहे," त्या म्हणाल्या. "खाचेचं पान मी पाहिलेलं नाही."

"ही वेगळी जात आहे, मॅडम," आढाव सर म्हणाले.

"कोणती?"

सरांनी लवांडेंकडे पाहिलं. जातीचं नाव सांगितलं तर ती दाखवावी लागणार होती. खरं सांगितलं तर प्रबंधावर सरांची सही मिळणार नव्हती, आणि सहीशिवाय जून टळत नव्हता.

"शेळीने खाल्लंय, मॅडम."

"अँटेना चालते?"

"चालते. मोजून दाखवतो."

त्यांनी मोजून दाखवलं. दोन्ही बँड आले.

"मग शेळी लिहा आणि उत्क्रांतीचं प्रकरण काढा," मॅडम म्हणाल्या. "बाकी माझी हरकत नाही."

बाहेर व्हरांड्यात सर म्हणाले, "मी सही करणार नाही. माझे दोन निबंध त्या वाक्यावर उभे आहेत. तिथे शेळी कुठे बांधू?"

लवांडेंनी थोडा विचार केला. "सर, पानांवर सगळ्यांनी काम केलंय. शेळीवर अजून कुणीच केलेलं नाही."

सर थांबले. मग त्यांनी हळूच विचारलं, "नक्की?"

"शोधून पाहिलंय, सर."

प्रबंधाचं नवं नाव सरांनीच सुचवलं: 'पर्णभक्षी-प्रेरित अँटेना'. नव्या शाखेच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्ष कोण, हेही त्यांनी चालता चालता ठरवलं. केबिनमध्ये आल्यावर पेन उघडून ते म्हणाले, "तुमची शेळी पान देठाकडून खाते की टोकाकडून?"

"तोंडासमोर येईल तिकडून, सर."

"असं लिहिता येत नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी सही केली.