अकरा मॉनिटर, एक मूळ संख्या

१८ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी तीनपर्यंत मला एका फॉर्मवर सही करायची होती. परळमधल्या एका हॉस्पिटलात चाळीस नवे मॉनिटर दुसऱ्या दिवशी वापरात यायचे होते. पेशंटचे ठोके, ऑक्सिजन हे सगळं नर्सच्या टेबलापर्यंत कुलूपबंद जातं. ते कुलूप पक्कं आहे का, हे तपासणं माझं काम.

कुलूप म्हणजे सहाशेहून जास्त अंकांची एक संख्या. प्रत्येक मॉनिटर दोन प्रचंड मूळ संख्या शोधतो. मूळ म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी. रीत सोपी: कुठलीही मोठी विषम संख्या उचलायची, तपासायची, नापास झाली तर पुढची. एवढ्या मोठ्या आकड्यांतही सातशेंत एखादी मिळतेच. मग दोघींचा गुणाकार जाहीर, ते कुलूप; आणि त्या दोघी गुप्त, ती किल्ली. गुणाकारावरून त्या परत काढणं कुणाच्या बापाला जमत नाही.

"मॅडम, सूर्य विझेल, हे कुलूप तुटणार नाही," कंपनीचे इंजिनिअर कामत म्हणाले.

"करा ना सही," आमचे साहेब म्हणाले. "मी उद्याचं कबूल करून बसलोय."

मी चाळीसही जाहीर संख्या घेतल्या आणि कॉम्प्युटरला प्रत्येक जोडीचा मसावि काढायला लावला. दोघींना भागणारी सगळ्यात मोठी संख्या. शाळेत आपण सगळ्यांनी काढलाय. सातशे ऐंशी जोड्या, प्रत्येकीचं उत्तर एक यायला हवं. एक, एक, एक. आणि मग स्क्रीनभर आकडे.

दोन मॉनिटरना एकच मूळ संख्या सापडली होती. ती हातात आली की दुसरी साध्या भागाकाराने. आणखी जोड्या निघाल्या. शेवटी अकरा मॉनिटर त्याच एका संख्येवर. मी खुर्चीसकट दोनदा गोल फिरले. साहेब काचेतून बघत होते.

"कामत, अकरा कुलपं उघडली."

"कुठलं टूल वापरलंत?"

"मसावि."

"हे नवीन आलंय?"

"दोन हजार वर्षं झाली. हे मॉनिटर लावले कसे?"

"सगळे एकदम. खोक्यातून काढले, स्विच दाबला."

तिथेच घोळ होता. त्यातल्या अकरा कोऱ्या मशिनांनी एकाच ठिकाणाहून शोध सुरू केला, पहिली मूळ संख्या तीच सापडली; दुसरीपर्यंत त्यांचे रस्ते वेगळे झाले होते.

"पण बिघडलं काय?" साहेब आत येत म्हणाले.

"पेशंट गुदमरत असेल आणि नर्सला कुणीही 'ठीक आहे' पाठवू शकेल."

साहेबांनी हॉस्पिटलला फोन लावला.

बुधवारी सकाळी आठला कामत आणि मी वॉर्डात होतो. मॉनिटर अर्धा तास नुसते चालू ठेवले, म्हणजे प्रत्येकात आपापल्या सेन्सरची वेगवेगळी खरखर, आकड्यांतले बारीक चढउतार, साठते आणि शोध वेगळ्या जागेवरून सुरू होतो. मग नव्या संख्या बनवल्या. सातशे ऐंशी वेळा एक आला. इतक्या कंटाळवाण्या उत्तरावर दोन मोठी माणसं इतकी हसलेली वॉर्डातल्या सिस्टरनी पाहिली नसावीत. आकडा मोठा आहे म्हणून दबू नये, तो आला कुठून ते विचारावं.

"मॅडम, मुलीच्या पुस्तकात लसाविपण आहे," कामत म्हणाले. "तो काढायचा का?"

"नको," म्हटलं आणि सही केली.