संडासातली तांबडी माती

लग्नात मी दागिन्यांसाठी कधी हट्ट धरला नाही, पण सासरी एका संडासासाठी दोन वर्षं घर डोक्यावर घेतलं. मी मालवणच्या बाजारपेठेत वाढलेली. सासर कट्टा गावाच्या पुढच्या वाडीत; तिथे पावसाळ्यात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तांब्या आणि मनात फुरशासारख्या विषारी सापाची भीती घेऊन काजूच्या बागेत जाणं मला काही केल्या जमेना. शेवटी नवऱ्याने गवंडी आणला आणि न्हाणीला लागून एकदाचा संडास उभा राहिला.

सासऱ्यांनी त्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच.

"घराक लागान असली घाण? मी थंय पाय ठेवचंय नाय," त्यांनी ओटीवरून जाहीर केलं. "एकदा तुंबलो काय माती घालून बुजवतलंय."

आणि ते नुसतं बोलणारे नव्हते. विहिरीवरचा पंप एकदाच बंद पडला, तर त्यांनी तो उपटून पुन्हा रहाट बसवला होता.

त्यामुळे आषाढातल्या एका सकाळी मी बादलीभर पाणी ओतलं आणि ते वर चढून तसंच डुलत राहिलं, तेव्हा मला आधी सासऱ्यांची ती धमकी आठवली. मला सातवा महिना होता. अशा अवस्थेत पुन्हा ती बाग नको, एवढंच डोक्यात होतं. नवरा शाळेत शिकवायला गेलेला, सासरे कट्ट्याला बाजाराला. एकच्या एस.टी.ने ते परत येणार. गवंड्याला बोलवायची सोय नव्हती, कारण तो त्यांचा भजनातला सोबती. त्याला कळलं की सासऱ्यांना कळलंच.

मी पदर खोचला, तोच सासूबाई मागून आल्या. "तू वाकू नको. सांग, मी करतंय."

आधी आम्ही धुण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओतलं. पाण्याने दाद दिली नाही. मग काठीला गोणपाट घट्ट बांधून सासूबाई ती भांड्यात वरखाली दाबू लागल्या. तिसऱ्या दणक्याला असा काही फवारा उडाला की त्यांच्या कपाळावरचं कुंकू वाहिलं. मला हसू आवरेना.

"हसा नको गो, पोटात दुखात," म्हणत त्या स्वतःच हसत होत्या.

शेवटी बांबूची पातळ कांब तासून घेतली. ती वाकते, त्यामुळे भांड्याखालच्या वळणात शिरली. सासूबाईंनी ती फिरवून ओढली, तर टोकाला तांबड्या मातीचा गोळा. पुन्हा घातली, पुन्हा माती. पाचव्या की सहाव्या गोळ्यानंतर आतून मोठा घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि सगळं पाणी निघून गेलं.

मी त्या मातीकडे बघत राहिले. संडास वापरणारे आम्ही सगळे साबणाने हात धुणारे. ही आली कुठून?

सासूबाई कांब धुता धुता म्हणाल्या, "मातयेन हात धुणारो ह्या घरात एकच माणूस आसा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "गुडघे धरलेत त्यांचे. पावसात बागेत खंय जातले? सकाळी सगळे निजलेले असतत, तेव्हा गुपचूप जाऊन येतत. माका म्हायत आसा."

म्हणजे रोज आत बसून मातीने हात चोळायचे आणि तिथेच धुऊन टाकायचे. बुजवतो म्हणाले होते, ते त्यांनी न सांगताच चालवलं होतं. मला आधी राग आला. मग अंधारात भिंतीला धरून जाणारे सासरे डोळ्यांपुढे आले आणि राग कुठल्या कुठे गेला.

एकच्या गाडीने सासरे आले. चपला काढता काढता, दुसरीकडेच बघत त्यांनी विचारलं, "संडास बरो आसा मा?"

"बरो आसा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी संडासाबाहेर, केळीजवळच्या दगडावर, एका करवंटीत माती भरून ठेवली आणि शेजारी पाण्याची बादली. कुणाला काही बोलले नाही. करवंटी रोज थोडी थोडी रिकामी होऊ लागली. बुजवायची भाषा ओटीवर पुन्हा निघाली नाही.

पुढे माझे दिवस भरत आले, मला वाकवेना, आणि करवंटी भरायची राहून गेली. दोन दिवसांनी आठवण झाली म्हणून जाऊन बघितलं, तर ती काठोकाठ भरलेली होती. माती चाळून घेतलेली, एकही खडा नसलेली. बादलीही भरून ठेवलेली होती.

माझ्यासाठी सासऱ्यांनी संडासात भिंतीला धरायला एक दांडाही ठोकला होता.