भेकरासाठी थांबलेली लॉरी

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते. वडिलांच्या आजारपणाची तार आली आणि मी लालबागहून कोकणात निघालेल्या एका लॉरीत बसलो. ड्रायव्हर पन्नाशीचा, गळ्यात मळका पंचा, बोलणं मोजकं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुपारी घाटात झाडीतून एक भेकर उसळून आलं आणि लॉरीला धडकून रस्त्यातच पडलं. ड्रायव्हरने लॉरी कडेला घेऊन बंद केली. मी उतरायला लागलो, तसा माझा दंड धरला. "जवळ जाऊ नको. भेदरलेलं जनावर लाथा झाडतं." मग हिरव्या फांद्या तोडून त्याने मागेपुढे रस्त्यावर टाकल्या, म्हणजे येणाऱ्या गाड्या हळू होतील.

मागच्या गाडीतले दोघे उतरले. "उचला की! आयतं मटण आहे."

"जिवंत आहे ते," म्हणत तो आडवा उभा राहिला.

मी चरफडलो. "अहो, माझे वडील आजारी आहेत!"

"ठाऊक आहे रे. पण माझ्या गाडीने पाडलंय त्याला. मी निघालो की हे सुरी काढणार."

अर्ध्या तासाने भेकर धडपडत उठलं आणि लंगडत जाळीत शिरलं. पुढच्या गावात जंगलखात्याच्या चौकीवर त्याने जागा नीट समजावून सांगितली, मगच विडी पेटवली. संध्याकाळी मला आमच्या फाट्यावर सोडून तो पुढे गेला.

वडील जागे होते. उशीर का झाला, ते मी सांगितलं. ते क्षीण आवाजात म्हणाले, "अरे, मग त्याला चहाला घरी नाही का आणायचंस?"