नांगीचं टोक

आमच्या मोटुनाऊच्या किनाऱ्यावर जुन्या समुद्रातला दगड झालेला खेकडा सापडला आणि उचलवला नाही, की त्यावर आपला शिंपला ठेवायचा. मग दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. नोलीनने कड तुटलेला निळा शिंपला ठेवला, नांगीचं तुटकं टोक तेवढं खिशात घातलं. जागा फक्त रेविनला सांगितली, कारण तो आणायला लागणारी गाडी तिची होती.

रविवारी खेकडा रेविनच्या बैठकीच्या खोलीत दिसला.

"अगं, शिंपला नव्हताच तिथे. लाटेने नेला असेल."

"आणि तुझ्या खिडकीत आणून ठेवला?"

रेविनने खिडकीतल्या कड तुटलेल्या निळ्या शिंपल्याकडे पाहिलंही नाही. "चिडतेस काय! ते टोक दे, चिकटवू. पुरा होईल बिचारा."

नोलीनने खिशातलं टोक मुठीत दाबलं.

"हरवलं," ती म्हणाली.