सुट्टीत बसवलेले दात

तो समोरच्याने विचारायची वाट बघत नसे. गालात बोट अडकवायचा, तोंड कानापर्यंत ताणायचा आणि किडक्या दाढा दाखवत म्हणायचा, "मस्कतला ह्यातल्या एका दाताचं जेवढं मागतात ना, तेवढ्यात बोईसरला आख्खा जबडा होतो. येडा हाय काय मी?"

होता. येडाच होता. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल, परदेशातून येताना अक्कल विमानातच विसरून येणारा.

आम्ही दोघे बोईसरच्या एका कारखान्यात पाइप फिटर. मी चौथीपर्यंत शिकलेला, तो सातवीपर्यंत. ह्या तीन यत्तांचा माज त्याने मला जन्मभर दाखवला. मग तो मस्कतला गेला. दोन वर्षांनी महिनाभराची सुट्टी मिळायची. त्यात जवळच्याच नवापूरच्या घराची कौलं बदलायची, मुलीसाठी स्थळं बघायची, आणि दात. दात सगळ्यांत शेवटी. परतीला सहा दिवस उरले तेव्हा साहेब दातांकडे वळले.

शिकलेला डॉक्टर सरळ म्हणाला, "मुळं सडलीत. आधी ती काढू. जखम भरू दे, तीन महिन्यांनी दात बसवू."

"तीन महिने? मग माझी नोकरी काय तुमी करणार?" असं म्हणून हा उठला. स्टेशनजवळ दात बसवणारा एक खुर्चीवाला बसायचा. भिंतीवर सर्टिफिकेट नाही, काही नाही. त्याने सडक्या मुळांवरच गुलाबी मसाला थापला, शेजारच्या दातांना तार बांधली आणि चार दात पक्के करून दिले. एका बैठकीत.

लक्षात घ्या, हा फिटर होता. गंजक्या पाइपावर कुणी नवा जोड चढवला तर हा हातातला पाना फेकून मारायचा. "खालचं कुजलं असंल तर वरचं टिकल काय, गाढवा?" हे मी त्याच्याच तोंडून शिकलो. लोखंडाला लावलेली अक्कल स्वतःच्या तोंडाला लावली नाही.

मी खुर्चीजवळच उभा होतो. म्हटलं, "हे करू नको. खाली कुजलंय."

तोंडातला कापूस सावरत तो म्हणाला, "चौथी पास, तू गप बस."

मी गप बसलो. शिफ्टची बस पकडून घरी आलो. मी कुणाला दोनदा सांगत नाही.

जाताना तो सगळ्या गल्लीला हसून दाखवत गेला. ते चार दात इतके पांढरे, की बाकीचे दुसऱ्याच कुणाचे वाटत होते.

पंधरा दिवसांत मस्कतच्या कॅम्पात गाल सुजला. हा लवंग दाबून कामावर जात राहिला, खाडे नकोत म्हणून. सूज गळ्यात उतरली, श्वास कोंडला, तेव्हा इस्पितळात नेला. तिथल्या डॉक्टरने विचारलं, आत काय भरलंय, कुणी भरलंय, कागद दाखव. कागद कुठला! ते चार, त्यांच्या शेजारचे पाच आणि जबड्याचा एक तुकडा काढावा लागला. कंपनीने परत पाठवून दिला. स्वस्तातल्या दातांनी सगळ्यांत आधी नोकरीच खाल्ली.

मी ठरवलं होतं, भेटला की चांगला झाडायचा. नवापूरला गेलो तर बायको त्याला पेज भरवत होती. एका बाजूने आत जायची, दुसऱ्या बाजूने गळायची, ती पदराने पुसायची. तो मला काहीतरी बोलला. तीनदा बोलला. मला एक शब्द कळला नाही, तरी मी मान हलवली.

दोन पावसाळे असेच काढून तो गेला. दहाव्याला त्याची बायको माझ्याजवळ येऊन बसली.

"भाऊ, तुमी होते ना तवा बरोबर? त्यांना सांगितलं नाय?"

"सांगितलं होतं, वहिनी."

"किती वेळा?"

"एकदा."

"एकदाच?"

रागाने बोलली नाही. माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली. स्टोव्हचा आवाज आला तसा मी उठलो आणि चहा न घेता निघून आलो.