करंजीच्या घाटातली बैलजोडी

माझ्या आत्याच्या यजमानांइतका कल्पक आणि निरुपयोगी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. दुसऱ्याची अडचण पाहून लोक हळहळतात, नाहीतर तोंड फिरवतात; आमच्या आतोबांना तिथे धंदा दिसे. केडगावात कुणी ठेचकाळले, तर हे आधी दगड न्याहाळत, मग माणूस. देवळाबाहेरून चपला चोरीला जातात म्हणून त्यांनी लोकांच्या दोन्ही चपला सुतळीने एकत्र बांधून द्यायला सुरुवात केली. सोय झाली ती चोरांची. जोड शोधावा लागेना. दुसऱ्या महायुद्धात रॉकेल मिळेना, तेव्हा त्यांनी एरंडेलाची चिमणी काढली. ती पेटली आहे का, हे पाहायला काडी ओढावी लागे. आत्या म्हणायची, "ह्यांना धंदा सुचतो, गिऱ्हाईक सुचत नाही."

पुढे पेट्रोलही मिळेना आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. धावू लागल्या म्हणजे काय, पाथर्डीहून नगरला येणारी मोटार करंजीच्या घाटात बसे आणि उतारू शिव्या देत ती ढकलत. झाले! आतोबा कुणाची तरी बैलजोडी मागून आणून घाटाखाली ठाण मांडून बसले. पहिल्याच दिवशी बैल मोटारीच्या कोळशाच्या भट्टीला बुजले आणि आतोबांनाच फरपटत घेऊन गेले. ड्रायव्हर म्हणाला, "काका, आता तुमाला ओढायला मोटार आनू का?"

एकदा मीही सोबत होतो. मोटार बंद पडली, पण कुणी खाली उतरेना. आत एक बाई बाळंतपणात अडली होती. तिची सासू रडत म्हणाली, "लई हाल झालं वो पोरीचं. नगरच्या दवाखान्यात न्यायचं हाय." आतोबांनी अंगातला सदरा टरकावला, बैलांचे डोळे बांधले, दोर आवळले आणि उघड्या अंगाने पुढे चालत, बैलांशी बोलत ती मोटार माथ्यापर्यंत नेली. बाईचा नवरा खिशात हात घालू लागला, तर हे खेकसले, "आधी गाडीत बस!"

घरी आत्याने कपाळाला हात लावला. "जन्मात एक गिऱ्हाईक मिळालं, तेही फुकट!"

आतोबांनी जोडी परत केली. पण पुढे कितीतरी दिवस ते केडगावहून नगरला जाऊन पाथर्डीची मोटार हात करून थांबवत आणि खिडकीतून डोकावून विचारत, "घाटात अडलेली ती बाई... सुटली का हो नीट?"

कुणालाच ठाऊक नसे.